चाकातली झेंडूची पाकळी

रोज पहाटे विजयश्री चार्जरवरून बॅटरी काढी, डबा भरी आणि काळेवाडीतल्या आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरे. इलेक्ट्रिक सायकल मधल्या स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून उभी असे. बॅटरी खाचेत बसवायची, टायर अंगठ्याने दाबून पाहायचे, पट्ट्याच्या दात्यांतली धूळ जुन्या ब्रशने झाडायची. या सायकलला साखळी नव्हती, रबरी पट्टा होता. त्याला तेल लागत नसे आणि त्याचा आवाजही होत नसे. निगडीला चाकणच्या कंपनीची बस वेळेवर गाठायला तिला हाच एक आधार होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही तिने हे सारे केले. शाळेला सुट्टी होती, तरी तिची मुलगी स्वरूपा आणि धाकटा सुजित आईला सोडायला खाली आले होते. आईने सायकल सुरू करायचे बटण दाबले आणि ती हेल्मेट घालू लागली.

"ताई," सुजित कुजबुजला, "ती पाकळी बघ!"

कालच्या पूजेतली झेंडूची पाकळी मागच्या चाकाच्या तारांत अडकली होती. ती वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली! सायकलला कोणाचाही हात लागलेला नव्हता. अंधाऱ्या पार्किंगमध्ये कसला आवाजही ऐकू येत नव्हता. चाक मात्र वेग घेत होते.

आईने झटकन ब्रेक दाबला. चाक थांबले. ब्रेक सोडताच ते पुन्हा फिरू लागले, जणू कोणी तेवढ्याचीच वाट पाहत बसले होते.

"अरे देवा!" मागून आवाज आला. सोसायटीचे अध्यक्ष दौलतराव फिरायला निघाले होते. त्यांनी दुकानातून लिंबू-मिरची आणली आणि लांबूनच हात पुढे करून हँडलला बांधली. "विजयश्रीताई, संध्याकाळपर्यंत ही गाडी आवारातून हलवा. इथं पोरं खेळतात."

आईने सायकल बंद केली. रिक्षा शोधायला पळताना ती एवढेच म्हणाली, "ही गेली, तर मला पहिली पाळी सोडावी लागेल."

दुपारी दौलतरावांचा नातू गणराज आला.

"स्टँडवरून काढायची नाही आणि ब्रेकवरचा हात हलवायचा नाही," स्वरूपाने बजावले आणि बटण दाबले. तिने ब्रेक सैल करताच चाक फिरू लागले.

"भूत बसलंय रे!" गणराज मागे सरकला.

"मग पायडल का मारत नाही? आळशी आहे का?" सुजित म्हणाला.

स्वरूपा खाली वाकली. "थांबा! खरंच पायडल हलत नाहीये. पट्टाही स्थिर आहे. म्हणजे नुसती मोटर चालतेय. आणि मोटरला हुकूम देतो तो हा हँडलवरचा अंगठ्याचा खटका."

तिने सायकल बंद करून खटक्याभोवती बोट फिरवले. फटीतून पाण्याचा थेंब ओघळला.

"पण पाऊस कुठं पडलाय?" सुजितने विचारले.

गणराजचे कान लाल झाले. "काल आजोबांनी सगळ्यांच्या गाड्या धुतल्या. हौसेनं. प्रेशर पंपानं."

"मग सांग त्यांना."

"मी? वेडी आहेस का!"

तिघांनी बॅटरी काढली, खटका पुसला आणि सायकल उन्हात ठेवली. संध्याकाळी पुन्हा सुरू केली, तेव्हा पाकळी जागची हलली नाही.

तेवढ्यात दौलतराव आले. "अजून इथंच?"

"आजोबा," स्वरूपा गोड आवाजात म्हणाली, "काल तुम्ही गाड्या कशा चकाचक केल्यात! आमची परत धुऊन दाखवा ना."

दौलतराव खुलले आणि पंप घेऊन आले. "हे बघ, फवारा असा थेट हँडलवर मारायचा!"

पाणी निथळले. क्षणभर काहीच घडले नाही. मग पाकळी थरथरली आणि हळूहळू वर चढू लागली.

"गणराज! तू हात लावलास?"

"कोणीच नाही लावला, आजोबा. तुमच्या फवाऱ्याचं पाणी खटक्यात शिरलं."

दौलतरावांच्या हातातला पंप खाली आला. स्वरूपाने ब्रेक दाबून सायकल बंद केली.

"जन्मभर कंपनीत मशिनं सांभाळली मी," ते म्हणाले, "आणि हे तुम्हाला दिसलं, मला नाही. शाबास, पोरांनो!"

पाळीवरून दमून परतलेली आई फाटकात उभी राहून हे ऐकत होती. सायकल हाताने ढकलत दौलतराव मेकॅनिकच्या दुकानाकडे चालू लागले.

पहाटे आई खाली आली, तेव्हा हँडलवर लिंबू-मिरची नव्हती. तिथे नवा खटका होता आणि शेजारी सायकल पुसायला घडी घातलेले मऊ फडके बांधले होते. तिने बटण दाबले. चाक स्तब्ध राहिले. तिने सायकल स्टँडवरून काढली आणि पायडलवर पाय दिला.

तेव्हा कुठे पाकळी हलली.