चुकलेला ओटा

हार्डवेअरच्या दुकानात होऊ घातलेल्या माजी नवऱ्याशी गाठ पडावी, आणि तीही हातात रंगाचा डबा असताना... माझंच नशीब, दुसरं काय!

"हा कशाला?" त्याने डब्याकडे बघत विचारलं. तो फर्निचर करतो. स्क्रू, बिजागऱ्या घ्यायला त्याचं इथे रोजचंच येणं. हे माझ्या लक्षातच आलं नाही... की आलं होतं, देव जाणे.

"हॉलच्या भिंतीला. उद्या घराची किंमत ठरवायला माणूस येतोय ना."

"वेडी आहेस का? भिंत चकाचक केलीस तर किंमत वाढेल. आणि माझा हिस्सा विकत घेणार कोण? तूच ना?"

बरोबरच होतं त्याचं. घर दोघांच्या नावावर. त्याचा अर्धा हिस्सा मी घ्यायचा, नाही जमलं तर घर विकून टाकायचं, असं वकिलांनी ठरवलेलं. बँकेने कर्ज देताना हात आखडता घेतलेला. किंमत जरा वर गेली की माझं घर गेलंच.

"म्हणून काय परक्या माणसाला ओल आलेली भिंत दाखवू?" मी फणकारले.

तो हसला. तसंच, एका गालात. डबा माझ्या हातातून काढून घेऊन त्याने फळीवर ठेवून दिला. बोटांना बोटं लागली... आणि मी मेली कॉलेजातल्या पोरीसारखी लाजले!

दुसऱ्या दिवशी किंमत ठरवणारे गृहस्थ टेप घेऊन आले. आमचा हा त्यांना घरभर फिरवत एकेक खोट दाखवत सुटला. "ही ओल बघा. ही खिडकी पावसात गळते. आणि हा ओटा तर साफ चुकलाय, चांगला चार बोटं उंच झालाय."

"ओटा अजिबात चुकलेला नाही!" मी ताडकन म्हणाले.

"उंच तर आहे, मॅडम," गृहस्थ टेप लावत म्हणाले.

"असू दे. ग्रॅनाइट बघा कसलं आहे!"

"मॅडम... घर तुम्हीच घेताय ना?" बिचारे पार गोंधळले.

आता त्यांना काय सांगू? लग्नाआधी ह्याच रिकाम्या घरात, सिमेंटच्या पोत्यांमध्ये तो मला म्हणाला होता, "इथे उभी राहा, तुझ्या मापाने ओटा करतो." आणि मी त्याच्यासमोर मिरवायला उंच टाचांच्या सँडल घालून आलेली! काढायचं मला सुचलं नाही, सांगायचं त्याला. कानावर पेन्सिल लावून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, पायांकडे कशाला बघतोय! लग्नानंतर पहिल्यांदा भाजी चिरायला उभी राहिले, तर खांदे थेट कानाला. तो पोट धरून हसला, आणि संध्याकाळी मला उभं राहायला लाकडी पाट करून घेऊन आला. मी त्या पाटावर असले की मागून येऊन हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायचा. वाकावं लागायचं नाही त्याला. किती गोड दिवस होते ते...

पुढे त्याची कामं वाढली, माझ्या क्लिनिकच्या वेळा बदलल्या. भांडणं झाली. मग भांडणंही बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

गृहस्थांनी किंमत सांगितली. माझ्या कर्जात बसेल इतकीच. मी हुश्श करायचं, तर मला रडूच फुटलं.

ते गेल्यावर तो म्हणाला, "झालं ना मनासारखं? घर तुझं आता. मग रडतेस कशाला?"

"मला घर हवं होतं कारण... तुझ्याशी भांडायला दुसरं काही उरलंच नव्हतं रे. ते सोडलं असतं तर तू भेटलाच नसतास."

तो हळूच म्हणाला, "मी घराची एकेक खोट का काढत होतो, कळलं ना?"

"कळलं. पण ओट्याला नावं ठेवायची नाहीत."

हसता हसता त्याचेही डोळे भरून आले.

"मग... घराचे कागद थांबवायचे?" मी विचारलं.

"नको. घर तुझ्या नावावर होऊ दे. अर्धा मालक म्हणून इतकी वर्षं किल्ली फिरवून आत शिरत होतो, आत कोण वाट बघतंय हे बघतसुद्धा नव्हतो. आता विचारून येईन. वाटलं तर घे आत."

किल्ली ठेवून तो बाहेर गेला. दार लागलं. मी लिफ्टच्या आवाजाची वाट बघत राहिले... आवाज आलाच नाही.

बेल वाजली.

मी मुळीच धावले नाही. आधी डोळे पुसले, केस सारखे केले, मग दार उघडलं.

"कोण हवंय?"

"तू," तो म्हणाला.