तिसरी माफी

हूरा या आखाती शहरी वस्तीतल्या चहाच्या टपरीवर मृणालीने करकचा, इथल्या कडक दुधाळ चहाचा, पहिला घोट घेतला आणि समोर पाहिलं, तर तोच... इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, गाण्याच्या स्पर्धेत ऐन तानेत घंटा वाजवून तिला खाली बसवणारा एझ्रा पेणकर.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "तीन मिनिटं झाली म्हणून घंटा वाजवली. वेळ पाळली, पण तुमचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढून जात नाही."

एझ्रा अलिबागकडचा, बेने इस्रायली ज्यू. त्यांच्यात मोठ्या उपासाच्या सणाआधी, ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. त्याने तीनदा नाही म्हटलं तर खलास, मागणारा सुटला.

"नाही केलं माफ," मृणाली म्हणाली. राग केव्हाच विरला होता. पण इतका देखणा अपराधी बँकेत नोकरी करणाऱ्या पुणेकरणीच्या वाट्याला रोज थोडाच येतो?

दुसऱ्या दिवशी तो समोसे घेऊन हजर.

"पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे," एझ्रा रंगात येऊन सांगू लागला. "आमचे आजचे विचारवंत म्हणतात, उद्या कोण व्हायचं ते माणूस निवडतो आणि त्या निवडीने कालचा अर्थ बदलतो. प्रेमापोटी निवडलं, तर कालची चूकही पुण्य ठरते."

"प्रेमापोटी?"

"म्हणजे... देवाच्या." त्याचे कान लाल झाले.

"नाही केलं माफ," ती घाईघाईने म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मात्र ती पेचात पडली. हो म्हटलं तर तो सुटणार, नाही म्हटलं तरी सुटणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मृणालीला तर तो हवा होता, अगदी मनापासून.

दुपारी एझ्रा आला, सणाचा पांढरा सदरा घालून. संध्याकाळपासून उपास लागणार होता. तो तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "थांब. मी खोटं बोलले. माफ तर तुला पहिल्याच दिवशी केलं होतं. पण मग तू आला नसतास... ती घंटा वाजली नसती तर आपण बोललोही नसतो. आता तीच मला गोड वाटते. तूही वाटतोस. तेव्हा माफी मीच मागते."

एझ्राने सदऱ्याची बाही नीट केली. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नाही केलं माफ."

"काय?"

"परवा पुन्हा माग. उद्या माझा उपास आहे."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मागायचीच नाही, मृणाली. मला तुला सोडायचं नाहीये."