सहा फुटांची वाट

मुरबे गावच्या गल्लीत दोन्ही कडांना जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पडला होता, आणि प्रतापची नवी कोरी सुमो खुशाल त्यावरून धडधडत आली. समोरून सुगंधाची नऊ वर्षांची मारुती. दोघांनी एकदमच ब्रेक दाबले.

सुगंधा उतरली तीच लाल होऊन.

"खाली बघा, काय चिरडलंत ते!"

प्रतापने वाकून पाहिलं. "रस्त्यात कोण वाळत घालतं?"

"अख्खं गाव! गाड्या मधून जातात."

"तुमची ही काड्यापेटी जात असेल. आठ माणसांच्या गाडीनं काय करायचं?"

"आठ माणसांची गाडी, आणि आत एकटे तुम्ही!" बोईसरच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती, रागातही तिचे आकडे चुकत नसत. "माझी पावणेपाच फूट रुंद, तुमची पावणेसहा. मधली वाट सव्वापाच. कळलं?"

"कळलं..." तो बघतच राहिला. "रागावलात की नेहमी मोजता?"

"मागे घ्या! पुन्हा गावात गाडी आणायची नाही."

"आणि मी आलो तर?"

"चालत या!"

तो खरंच आला. रोज सकाळी, सुमो वेशीबाहेर ठेवून. सुगंधाच्या गोदूकाकीशेजारी उकिडवा बसून जवळ्यातला कचरा निवडू लागायचा. काकी विरघळली.

"पोरगा बरा हाय गं."

"बरा? आधी चाकाखाली घालायचं, मग निवडत बसायचं!" सुगंधा मारुतीचं दार आपटून कामावर निघायची... मात्र आरशातून तो दिसेनासा होईपर्यंत दुसरा गिअर पडत नसे.

पाचव्या दिवशी तो तिच्या खिडकीशी आला.

"उद्या आईला आणतोय. तुम्हाला मागणी घालायला. पण तिचे गुडघे — चालवत नाही तिला. सुमो आत आणावी लागेल."

"मावत नाही, सांगितलंय मी."

"मग आईला वेशीवरूनच परत नेऊ?"

सुगंधाने काच वर केली. विचारलं नाही, सवरलं नाही, थेट आईच! तिने झटक्यात गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी सुमो वेशीवर थांबली. प्रताप उतरून पुढे गेला आणि थबकला. दोन्हीकडचा जवळा सरळ रेषेत मागे सारलेला होता. हातात झाडू आणि मोजपट्टी घेऊन सुगंधा उभी होती, घामाघूम.

"सहा फूट," ती फणकारली. "दोन्हीकडे दीड-दीड इंच मोकळं. एक जवळा जरी चिरडला ना..."

"राग गेला नाही अजून?"

"नाही!" ती वळली. मग, पाठमोरीच — "हळू आणा. आईंना धक्के बसतील."