गिधाडांच्या माळावरचा बाल्या नाच

“त्यानं मान अशी का टाकलीय रे?” दुर्बिणीतून बघता बघता कल्पितानं विचारलं.

“झोपलं असेल,” परेश म्हणाला. “तूसुद्धा गणिताच्या तासाला अशीच मान टाकतेस!”

“गप बस! भरदुपारी गिधाड असं झोपतं का कधी?”

करवंदीच्या जाळीआड तिघं दडून बसली होती. बारा वर्षांची कल्पिता, तिचा चुलतभाऊ परेश आणि मिओ. मिओ होक्काइदोहून आईबरोबर आलेली. जपानच्या पार उत्तरेचं हे बेट, थंडीत तिथला समुद्रसुद्धा गोठतो म्हणे! तिथल्या पक्षीवेड्या मंडळींची सहल एप्रिलच्या रणरणत्या उन्हात म्हसळ्याजवळच्या या गावात आली होती. दिवसा पक्षी बघायचे आणि संध्याकाळी वाडीतल्या पोरांचा बाल्या नाच, असा बेत होता. मंडळी उतरली होती परेशच्या बाबांच्या, म्हणजे कल्पिताच्या निकेशकाकाच्या होमस्टेवर.

समोर माळाच्या कडेला बेहड्याच्या उंच झाडावर गिधाडांचं घरटं होतं. घरट्यातलं पिल्लू चांगलं मोठं झालं होतं, पण अजून उडता येत नव्हतं त्याला. आणि शेजारच्या फांदीवर त्याची आई की बाप, कोण जाणे, मान छातीवर लोंबकळत ठेवून बसलं होतं.

मिओनं दुर्बीण घेतली आणि तिचा चेहराच उतरला. तिचं इंग्रजी या दोघांइतकंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान जमायच्या! हातवारे करत ती म्हणाली, “आमच्याकडचे समुद्रगरुड मरायच्या आधी असेच बसतात. शिकाऱ्यांनी मारलेली हरणं रानात पडून असतात. त्यांच्या मांसात शिशाच्या गोळ्यांचे तुकडे राहतात. गरुड ते खातात. माझी आई पक्ष्यांची डॉक्टर आहे ना, ती खूप धडपडते. तरी बरेच मरतात.”

“पण आमच्या इथे शिकार कोण करतंय?” असं म्हणता म्हणता कल्पिता थबकली. तिला ढवळ्या आठवला.

या गावात ढोर मेलं की पुरत नसत, माळावर नेऊन टाकत. गिधाडं बघता बघता त्याची हाडं लख्ख करून ठेवायची. मधल्या काळात गिधाडंच नाहीशी झाली आणि माळावर नुसती कुत्री आणि दुर्गंधी उरली. आता कुठे चारदोन जोड्या परत आल्या होत्या. आणि परवाच काकाचा ढवळ्या बैल मेला होता. कालच एक गिधाड त्याला तोंडाशी टोचून खाताना तिनं पाहिलं होतं.

“परेश, खरं सांग. ढवळ्याला काय औषध दिलं होतं?”

परेशचं तोंड एवढंसं झालं. “पायाला सूज होती ना... बाबांनीच सुई टोचली. डॉक्टरांना बोलावलंच नाही.”

तिघं धावत गोठ्याकडे गेली. मागच्या उकिरड्यात काचेच्या रिकाम्या कुप्या पडल्या होत्या. कल्पितानं एक उचलून तिच्यावरचं नाव वाचलं. डायक्लोफिनॅक! वनरक्षक प्रणालीताईंनी शाळेत येऊन किती बजावलं होतं! गुरांना हे औषध द्यायला बंदी आहे. ते अंगात असताना मेलेलं ढोर गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. एकाच बैलापायी अख्खा थवा मरतो.

काका माळावरच होता. गिधाडं लवकर खाली यावीत म्हणून नाकाला रुमाल बांधून तो कोयत्यानं ढवळ्याचं कातडं फाडत होता.

“काका, थांब! हे मांस विषारी आहे! पुरून टाकू या!”

“एका सुईनं काय होतंय गं?” काकानं मान वर करूनही बघितलं नाही. “पाहुणं दिघीच्या खाडीवरनं येतीलच एवढ्यात. किती लांबून आलीत ती माणसं! त्यांना गिधाडं न्हाय दावली तर गावाची काय अब्रू ऱ्हाईल? जा, नाचाचं कपडं घालून तयार ऱ्हा. आणि पाहुण्यांम्होरं काय बडबडलीस, तर माझ्याशी गाठ हाय!”

कल्पिताच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईच्या फोनवरून तिनं प्रणालीताईंना गाठलं.

“निघालेच मी,” ताई म्हणाल्या. “पण लांब आहे गं. मी येईपर्यंत एकही गिधाड खाली उतरू देऊ नका!”

वर आकाशात काळे ठिपके घिरट्या घालू लागले होते.

“आपण दगड मारत उभे राहिलो, तर काका कान धरून घरी नेईल,” कल्पिता म्हणाली.

परेशनं नाक पुसलं. “बाबा काय म्हणाले? नाचाचे कपडे घाला. घालू या की! नाच कुठे करायचा, हे कुठे सांगितलंय त्यांनी?”

“अरे, शहाणा आहेस की तू!”

काका पाहुण्यांना आणायला गेला, आणि थोड्याच वेळात वाडीतली सगळी पोरं पायात चाळ बांधून माळावर हजर! मध्ये फाटलेला ढवळ्या आणि त्याच्याभोवती बाल्या नाचाचं रिंगण. ढोलकी कडाडली. माशा तोंडावर येत होत्या. त्या घाणीनं लहानगी गौरी दोनदा ओकली, तोंड पुसून परत नाचायला लागली. परेशला तर ढवळ्याकडे बघवत नव्हतं, लहानपणापासून त्याच्या पाठीवर बसला होता तो. गिधाडं खाली झेपावली, की कल्पिता ओरडायची, “जोरात! आणखी जोरात!”

तेवढ्यात काका पाहुण्यांना घेऊन आला. समोरचा प्रकार बघून तो लालबुंद झाला. “हा काय चावटपणा चाललाय! बंद करा!”

पण मिओ धावत आईकडे गेली आणि जपानीत भराभर बोलली. आईनं एक नजर आकाशाकडे टाकली, एक बेहड्याकडे. मग तिनं बूट घट्ट केले आणि सरळ रिंगणात शिरली! मागोमाग सगळे पाहुणे. त्यांना ना गाणं येत होतं ना ताल, पण पाय सगळे आपटत होते. काका बघतच राहिला.

पाय पोळले, घसे बसले. नाच मात्र थांबला नाही. अखेर प्रणालीताईंची जीप धुरळा उडवत आली, आणि त्याच क्षणी बेहड्याखाली धप्पकन काहीतरी पडलं.

मिओची आई धावली. तिनं गिधाडाची मान हातावर घेतली, चोचीत पाण्याचे थेंब सोडले. पाणी बाहेरच ओघळलं. थोड्या वेळानं तिनं हळूच नकारार्थी मान हलवली, पक्ष्याला खाली ठेवलं आणि त्याच्यापुढे वाकून नमस्कार केला. मिओ हमसून हमसून रडत होती.

काका घरी गेला, कुदळ घेऊन आला आणि खणू लागला. इतर माणसं मदतीला आली, तरी त्यानं कुदळ हातातून सोडली नाही. ढवळ्याला खोल पुरला. गिधाडाला ताईंनी तपासणीसाठी जीपमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर गाव जमला. सरपंच तुळशीमावशींनी पोरांच्या पाठी थोपटल्या. “शाबास रे वाघांनो! आमची अक्कल चरायला गेली हुती, तुमी गाव राखलंत!” प्रणालीताई म्हणाल्या, “काल वर होती ती सगळी गिधाडं खाली उतरली असती, तर आज या माळावर एकही उरलं नसतं.”

टाळ्या वाजल्या. कल्पिताला मात्र हसू येईना. तिच्या डोळ्यांसमोर घरट्यातलं एकटं पिल्लू होतं.

मग काका उठला. रात्रभर झोपला नसावा. “एक माझ्यापायी मेलं,” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “आन् बाकीची माझ्या पुतणीपायी जगली. मी तिलाच दम दिला हुता.” हात जोडून तो खाली बसला.

कल्पिता उठली आणि बेहड्याकडे चालू लागली. परेश, मिओ मागोमाग आली, आणि थोडं अंतर ठेवून काकाही. चौघं जाळीआड बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं. पिल्लू घरट्याच्या काठाशी येऊन सारखं वर बघत होतं.

“दुसरं येईल ना गं?” काकानं अगदी हळू विचारलं.

“माहीत नाही, काका,” कल्पिता म्हणाली. खोटं सांगणं तिच्या जिवावर आलं.

आणखी पुष्कळ वेळ गेला. मग पंखांचा मोठा फडफडाट झाला आणि जोडीतलं दुसरं गिधाड घरट्यात उतरलं. पिल्लानं आधाशासारखी त्याच्या चोचीत चोच घातली. काकानं डोळ्यांना रुमाल लावला, आणि कल्पिता पहिल्यांदाच मोठमोठ्यानं रडली.