सोमवारचं मौन

गुडगावात तेव्हा आमच्या सेंटरच्या मागे अजून मोहरीची शेतं होती, आणि पुढे नव्या काचेच्या इमारती. एमआरआय तळघरात. दिल्लीतल्या द्वारकेहून आले की मी आधी मंगळसूत्र ड्रॉवरमध्ये ठेवायची. मशीनच्या खोलीत धातू चालत नाही. सोमवारी दुपारपर्यंत माझं मौन असे. तेवढा वेळ पेशंटशी माईकवर माझा सहकारी अशोक बोलायचा.

"सोमवार को मॅडम की बॅटरी चार्ज होती है," तो पेशंटना सांगायचा. मी नुसती हसायची.

त्या सोमवारी अक्षया आली. सांगलीची, भालाफेक करणारी. शनिवारी नाव नोंदवायला आली तेव्हा मराठी ऐकून माझ्याशी पोटभर बोलली होती. "ताई, खांद्याचं टेंडन तुटलं असेल तर कॅम्पमधून घरी पाठवतील. आणि घरी गेले की लग्नच."

आज तिचा हात गार होता. मी खांद्यावर चित्र टिपणारी कॉइल बसवली, डाव्या मुठीत घंटीचा रबरी फुगा दिला आणि बाहेर येऊन दार लावलं.

"हिलना मत, बेटा," अशोकने माईकवर सांगितलं आणि माईक बंद केला.

पहिली चित्रं आली. टेंडन काळं दिसायला हवं. त्यात पांढरी फट होती, आरपार.

"अरे यार. गई बेचारी."

मी मनातच म्हटलं, महादेवा, पोरीचा खांदा सांभाळ. माझं काय हवं ते घे.

मशीनची ठकठक थांबली. स्पीकरमधून अक्षयाचा हळू आवाज आला.

"हो, ताई."

अशोकने माईककडे पाहिलं. दिवा विझलेलाच होता.

"हो. नाही हलत."

पुढच्या चित्रांत फट बारीक झाली होती. पेशंट हलला की चित्र पुसट येतं, हे मला कळतं. पण ही पुसट नव्हती. कडा स्वच्छ होत्या.

शेवटच्या चित्रात टेंडन अखंड होतं.

अशोकने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

अक्षया बाहेर आली. हात थेट डोक्यावर नेला आणि हसता हसता रडायला लागली. "दुखतच नाहीये! ताई, तुम्ही सारख्या बोलत होतात ना, म्हणून भीती नाही वाटली."

मी मानेनं नाही म्हटलं.

"मॅडम का तो मौन है," अशोक म्हणाला.

"काय भैया, मजाक करते हो! इन्हीं की आवाज थी." ती माझ्याकडे वळली. "'थांब बाळा, सांधतेय,' म्हणालात ना?"

ती गेली. मौन सोडायची वेळ झाली. मी बाटलीतलं तीर्थ घेतलं आणि नेहमीसारखं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

ओठ हलले. आवाज नाही.

पुन्हा. नाही.

"मॅडम?" अशोक उठून उभा राहिला.

काचेपलीकडे मशीन रिकामं होतं. स्पीकर खरखरला.

"नमः शिवाय," तिथून माझा आवाज म्हणाला. आणि मग तसाच, मवाळ:

"पुढच्याला पाठव, बाळा."