स्पीड कोणी वाढवला?

बाजारातून घरी आले, तर माझ्या टेबलाखालून दोन अनोळखी पाय बाहेर आलेले!

"कोण तुम्ही?" मी ओरडलेच.

पायांमागोमाग गुडघे आले, मग धुळीनं माखलेला चष्मा... आणि चष्म्याआडचे गोंधळलेले डोळे.

"मी तुमच्या दादांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघतो. ते म्हणाले, तुमचा फार हळू चालतो."

"चालतो तर चालू दे! मला विचारलं होतं?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आमच्या घरात हे असंच. मी काय शिकायचं हे बाबांनी ठरवलं, माझ्या खोलीचा रंग वहिनीनं. नोकरी सोडून मुलांसाठी कार्टून फिल्म करायला बसले, तेवढं एक काय ते माझं! पहिली फिल्म सोमवारी द्यायची होती. नाही जमली, तर मुकाट्यानं दादाच्या ऑफिसात चिकटायचं, असा शब्द त्यानं माझ्याकडून घेऊन ठेवला होता.

"तुमच्या कॉम्प्युटरची मेमरी चांगली वेगवान आहे," तो हळूच म्हणाला. "पण पहिल्यापासून कमी स्पीडवर चालतेय. एक सेटिंग कुणी बदललंच नव्हतं. मी आत्ता बदललं."

"होतं तसं करा!"

त्यानं निमूटपणे केलं. वाद नाही, उपदेश नाही. भांडायची माझी सगळी तयारी वाया गेली, म्हणून मला आणखीच राग आला. पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच... जुन्या स्पीडवर फिल्म सोमवारपर्यंत पुरी होणं कठीण होतं. आणि वाढवलेल्या स्पीडवर कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर?

"वाढवला, तर काही बिघडणार नाही ना?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

त्यानं चष्मा पुसला. "म्हणजे... मला माहीत नाही. तपासून बघावं लागेल."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. 'मला माहीत नाही' हे शब्द आमच्या घरात कुणा पुरुषाच्या तोंडून मी आजवर ऐकले नव्हते!

त्यानं स्पीड पुन्हा वाढवला आणि टेस्ट लावली. आम्ही स्क्रीनसमोर बसलो.

"तुम्ही नेहमी असे लोकांच्या टेबलाखाली शिरता?"

"बोलावलं तरच... म्हणजे, बोलावलंय असं वाटलं होतं."

मी हसू दाबलं. त्यानं ते पाहिलं बहुतेक. तेवढ्यात स्क्रीनवर लाल ओळ उमटली.

"पूर्ण स्पीड झेपत नाहीये. चुकलंच माझं," तो म्हणाला. चूक कबूल करताना इतका प्रसन्न दिसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं स्पीड एक पायरी खाली आणला आणि टेस्ट पुन्हा लावली.

मग चहा घेऊन वहिनी आली, मागोमाग दादा. वहिनी माझ्या कानाशी लागली, पण तिची कुजबुज शेजारच्यांनाही ऐकू जाते.

"मुलगा कसा वाटला गं? ह्यांनी मुद्दाम बोलावलाय!"

मी तोंड उघडायच्या आत तोच उठला. कानापर्यंत लाल.

"साहेब, मला विचारायचं तरी!"

माझं वाक्य! अगदी माझंच वाक्य, माझ्याच रागासकट. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दारात तो थांबला. "टेस्ट संपल्याशिवाय बंद करू नका. आणि स्पीडचं... तुम्हीच ठरवा."

तो गेला, त्याचा चहा तसाच राहिला.

"पूर्ण स्पीड लाव गं, काही होत नाही!" दादा लगेच म्हणाला.

"तू तपासलंस?"

टेस्ट संपली, दुसरी लाल ओळ आली नाही, आणि मी स्पीड तिथंच ठेवला. एक पायरी खाली. माझ्या मनानं.

सोमवारी फिल्म देऊन आले आणि तडक दादाच्या ऑफिसात गेले. तिथं कधी पाऊल टाकणार नाही म्हणाले होते! कोपऱ्यातल्या टेबलाखाली ओळखीचे पाय दिसले. मी टेबलावर टकटक केली.

"फिल्म वेळेत दिली."

"अरे वा!" आवाज खालूनच आला. "मग आता काय बिघडलं?"

"काही नाही. मला दादानं पाठवलेलं नाही, वहिनीनंही नाही. मी स्वतः विचारायला आलेय... आज माझ्याबरोबर फिरायला याल?"

टेबलाखाली काहीतरी खणकन पडलं.

"तुमचं माझं... जमेल?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही," मी म्हटलं. "तपासून बघावं लागेल."

तो इतक्या घाईनं उठला, की टेबलावर डोकं आपटलं.