आतल्या खोलीतली शिकवणी

रोह्याहून माझी पेटी आणायची, एवढंच काम होतं. शाळेतल्या पेटीचा भाता फाटला होता, तो शिवून घ्या म्हणून हेडसरांच्या मागे लागून लागून मी थकले होते आणि स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं. शेवटी रविवारी माहेरी गेले, लग्नाआधीची पेटी चादरीत बांधली आणि एसटीत मांडीवर घेऊन पेणला आले. नागोठण्यापर्यंत कंडक्टर कुरकुरला, घरी आल्यावर सासूबाई कुरकुरल्या. मला आता त्याची सवय झाली होती.

पेणच्या बाहेर धरमतरच्या रस्त्याला आमचं भाड्याचं घर होतं. पुढे पडवी, मग बाहेरची खोली, मग आतली, आणि त्यामागे बंद पडलेलं मिठागर. आतल्या खोलीत पूर्वी मालक मिठाची पोती ठेवायचे. भिंती कायम ओलसर, आणि हवेत असा वास की जिभेवर खारटपणा यावा. खिडकी नव्हती, त्यामुळे भर दुपारीही तिथे अंधार. पण गारवा असायचा, म्हणून शांतीला आम्ही दुपारी तिथेच निजवायचो.

शांती माझी मुलगी. तीन वर्षांची होत आली तरी तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. ऐकू सगळं यायचं. डॉक्टर म्हणायचे, बोलेल, धीर धरा. नाव शांती ठेवलं तर पोरीने ते मनावरच घेतलं, असं आमचे हे, हिरामण, हसून म्हणायचे. त्यांचं बरं होतं. कंपनीत शिफ्ट करायची, घरी येऊन झोपायचं. बोलणी खायला मी होतेच.

"दुनियेची पोरा गायाला शिकवतेस," सासूबाई भाकरी थापताना म्हणायच्या, "नि घरची पोर आय म्हनून हाक नाय मारत गो. कसली मास्तरीण तू?"

मी भांडी आपटायचे. पण त्यांचं खोटं नव्हतं. मला कीर्ती नको होती, बढती नको होती. शांतीने एकदा मला 'आई' म्हणावं, बस. त्यासाठी मी जीव टाकत होते.

शाळा सकाळची. दुपारी जेवण उरकलं की सासूबाई पडवीत आडव्या व्हायच्या, नाहीतर शेजारी जायच्या, आणि मी बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन स्वागतगीत बसवायला लागायचे. तुम्हाला सांगते, गाणं शिकवणाऱ्याला एक खोड लागते. आपण एक ओळ म्हणायची, मग मुलांनी म्हणावी म्हणून तेवढाच वेळ थांबायचं. घरी एकटी असले तरी माझा गळा आपोआप थांबायचा.

त्या दुपारी मी 'सा रे ग' म्हटलं आणि थांबले.

आतल्या खोलीतून आवाज आला. "शा… ले… ग…"

बारीक, बोबडा, पार बेसूर. भात्यावरचा माझा हात तसाच राहिला. मी धावत आत गेले. शांती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे होते.

"शांती… तू म्हटलंस? परत म्हण ना गं…"

तिने माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. पण मला कुठे धीर होता! मी तिला उराशी धरून ढसाढसा रडले. कुणाला सांगितलं मात्र नाही. एकदा पोर नीट 'आई' म्हणू दे, मग सासूबाईंसमोर उभी करते, असं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून स्वागतगीत गेलं बाजूला. मी एकच धडा घेतला. 'सा'वर आ, 'ग'वर ई. "आ… ई…" म्हणायचं आणि थांबायचं. आतून उत्तर यायचं. बघायला गेलं की आवाज बंद व्हायचा, म्हणून मी आत जायचं सोडून दिलं. लाजरी मुलं समोर कुणी नसलं की छान गातात, शाळेत रोज बघत होते मी.

आवाज हळूहळू सुधारला. बोबडेपणा गेला, स्वर जागेवर बसले. पोरीचा गळा माझ्यावर गेलाय, या कौतुकात मी होते. वरच्या स्वराआधी चोरून श्वास घ्यायची माझी वाईट खोड, तीसुद्धा तिने उचलली होती. ते ऐकून मला हसू आलं. घाबरायला हवं होतं.

मग एके दिवशी शाळेतून आले तर पडवी रिकामी होती. सासूबाई शेजारी गेल्या असतील, शांती आत निजली असेल, असं समजून मी पेटी उघडली. आत डोकावले नाही.

"आ… ई…"

"आ… ई…" आतून आलं. गोड, भरलेलं, एका मोठ्या बाईच्या गळ्यातलं वाटावं असं.

आणि पडवीत चपला वाजल्या. दारात सासूबाई उभ्या होत्या. कडेवर शांती, उन्हाने दोघी लालबुंद.

"सकालपासना दवाखान्यात बसलोय," त्या कडाडल्या. "पोरीला ताप हाय. नि तुझा गाणा काय सरत नाय!"

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून तो ओला, खारट वास येत होता. मला उठायचं होतं, ओरडायचं होतं, पण पाय हलेनात.

शांती सासूबाईंच्या कडेवरून खाली घसरली. तुरुतुरु चालत आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली. माझ्याकडे तिची पाठ होती.

"आई," ती म्हणाली. अगदी स्वच्छ.

"बोलली! माझी सोनी बोलली गो!" सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

आतून एक चोरटा श्वास ऐकू आला. मग "ओ…"

तो माझा आवाज होता.

"नुसती ओ काय देतेस?" सासूबाई हसत मला म्हणाल्या. "उचल की पोरीला!"

मी तोंडही उघडलं नव्हतं. कशी उठले, शांतीला कशी ओढून काढली, मला आठवत नाही. ती हातपाय झाडत होती, आतल्या अंधाराकडे हात करून रडत होती.

त्याच आठवड्यात आम्ही रोह्याला राहायला आलो. यांना सांगितलं तर म्हणाले, उन्हाचा त्रास झाला असेल. सासूबाई आजही आल्यागेल्याला सांगतात की नातीने पहिली हाक मारली आणि आईने कशी पटकन ओ दिली. मी आता भांडीही आपटत नाही. चिडून तरी कुणावर चिडू?

शांती आता शाळेत जाते. तोंड म्हणून मिटत नाही. परवाही शेजारच्या खोलीतून 'आई' अशी हाक आली आणि हातातलं पीठ तसंच टाकून मी धावले. ती भिंतीशी बसून गप्पा मारत होती. बोलायची, थांबायची, ऐकायची, खुदकन हसायची. मला बघितल्यावर गप्प झाली, वर्गात राहावं तशी हाताची घडी घालून नीट उभी राहिली.

"काय, बाई?" म्हणाली.